नऊची पिपेट

चिंचपोकळीच्या आमच्या कारखान्याच्या पाटीवर मालकाच्या नावापुढे ‘ॲरोमॅटिक्स’ असं लिहिलं होतं. त्या एका शब्दाने आम्हाला जितका ताप दिला तितका आमच्या ॲसिडच्या वाफांनीही दिला नसेल. दिवाळीच्या तोंडावर कोणी ना कोणी उटण्यात घालायला सुगंध मागायला यायचंच. एकदा गिरगावातले एक दुकानदार पिशवीत स्वतःची बाटली घेऊन आले. मी त्यांना समजावून पाहिलं, पण गृहस्थ ऐकेनात, तेव्हा सरळ पिंपाचं झाकण उघडलं. त्यांनी मोठ्या विश्वासाने नाक आत घातलं आणि डोळे पुसतच बाहेर काढलं.

“अहो, याला तुम्ही सुगंधी म्हणता?”

“रसायनशास्त्रात म्हणतात.”

“मग तुमच्या शास्त्राला सर्दी झालीय,” असं म्हणून ते बाटलीसकट निघून गेले.

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. रसायनशास्त्रात ज्यांना सुगंधी संयुगं म्हणतात त्यांच्या रेणूत सहा कार्बनांचं एक कडं असतं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. वासाचं म्हणाल तर काहींना बरा असतो आणि काहींच्या वासाने शेजारी तक्रार घेऊन येतात. आम्ही त्या कड्यांवरच्या जोडण्या बदलायचो आणि ज्या रीतीने बदलायचो तिला सँडमायरची अभिक्रिया म्हणतात. निवृत्त झाल्यावर लग्नकार्यात लोक मला विचारतात, ‘केमिकलमध्ये होतात म्हणजे नक्की काय करायचात?’ मुंबईच्या माणसाला समजेल असं माझं एक ठरलेलं उत्तर आहे. मी म्हणतो, आम्ही खोल्या खाली करून घ्यायचो.

चाळीतली एक खोली धरा. आत एक जुना भाडेकरू आहे, अमिनो नावाचा. आपल्याला त्याच्या जागी क्लोरिन हा नवा भाडेकरू ठेवायचा आहे. जुना भाडेकरू हाकलून जात नाही. मग त्याला बर्फाच्या थंडीत ॲसिड आणि सोडियम नायट्राइट देऊन असा अस्थिर करायचा की जरा ऊब लागली की तो आपणहून चालता होईल. या अवस्थेला डायझो म्हणतात. पण तो बाहेर पडेल त्याच क्षणी नवा भाडेकरू दारात हजर पाहिजे. त्याला आणून बसवणारा दलाल म्हणजे तांबं. दलाल स्वतः खोलीत राहत नाही, काम झालं की बाजूला होतो. दलाल वेळेवर नसला तर पाणी आत घुसतं, कारण पाणी सगळीकडे असतंच. पाणी घुसलं की तयार होतं ते क्रेसॉल, म्हणजे दवाखान्यात फरशी पुसल्यावर येतो तो वास. आणि नायट्राइट कमी पडलं तर काही जुने भाडेकरू जागचे हलत नाहीत, उलट निघालेल्यांनाच धरून बसतात. त्याचा पिवळाजर्द गाळ होतो. चाळीत राहिलेल्या माणसाला हे सगळं एका दमात कळतं, कॉलेजातल्या मुलांना मात्र वर्ष लागतं.

म्हणजे सगळा खेळ नायट्राइटच्या मापाचा. जास्त झालं तर ते तांब्यालाच खराब करतं, दलाल निकामी होतो आणि दवाखाना सुरू. कमी झालं तर पिवळा गाळ. त्यातून नायट्राइट हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेणारं. त्यामुळे प्रत्येक बॅचला त्याचं द्रावण करून किती कसाचं आहे ते तपासावं लागायचं. जाणकार म्हणतील, निळा पडणारा स्टार्चचा कागद असतो की त्यासाठी. असतो. परदेशातून यायचा, तो परवान्यांच्या भानगडीत बंद झाला. गिरणीतली खळ आणून मी घरगुतीही करून पाहिला. पण आमच्या शेडमधली हवाच अशी होती की पिंपापर्यंत नेईस्तोवर तो आपला आपण निळा व्हायचा. तेव्हा भरवसा फक्त आकडेमोडीवर, आणि आकडेमोडीचा भरवसा पिपेटवर.

पिपेट म्हणजे मध्ये फुगीर पोट असलेली काचेची बारीक नळी. खालचं टोक द्रावणात बुडवायचं, वरच्या टोकाला तोंड लावून ओढायचं, खुणेपर्यंत आलं की झटकन बोट ठेवायचं. बोट उचललं की नेमकं दहा सीसी खाली उतरतं. हल्ली त्याला रबरी फुगा लावतात आणि तेच शहाणपणाचं आहे. त्या काळी आम्ही सगळे तोंडाने ओढायचो. नायट्राइटची खारट चव चाखली नाही असा केमिस्ट तेव्हा सापडला नसता.

इथे मला थोडं घराकडे वळावं लागेल.

आम्ही परळच्या चाळीत राहायचो. माझे वडील गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत काततात तिथे, होते. उभा जन्म रिंगखात्यातच गेला. पगार बरा होता तो साचाखात्यात, जिथे कापड विणतात तिथे. पण आमच्या माणसांना त्या खात्याचं दार बंद होतं. कारण आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो धागा काढायला विणकर तोंड लावून ओढायचा, आणि एक धोटा दिवसभरात चार हातांतून, म्हणजे चार तोंडांतून फिरायचा. महाराच्या ओठाला लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? असा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेलाही कोणी पाहिला नव्हता. आदल्याच वर्षी आमच्या घरातले जुने देव उतरले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. मी बी.एस्सी. झालो होतो. मला वाटलं, धोट्याची गोष्ट बाबांबरोबर संपली. आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्या हातात आलं काय, तर तोंडाने ओढायचं हत्यार!

ते हातात दिलं अभ्यंकरांनी. अभ्यंकर हे आमचे सीनियर केमिस्ट, गिरगावात खोताच्या वाडीच्या जरा पुढे राहणारे. नेटका माणूस. धोतर आणि वर खाकी कोट, बोलणं मोजकं, हिशेब चोख. माझं निम्मं रसायनशास्त्र कॉलेजातलं असेल तर उरलेलं निम्मं त्यांचं आहे, हे मी आजही कोणालाही सांगतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला शिकवलं की एकाच द्रावणाचं दुसरं माप घेताना पिपेट मध्येच नळाखाली धुवायची नाही. आत पाणी चिकटून राहतं आणि माप चुकतं. हे शिकवून झाल्यावर त्यांनी कपाटातून दुसरी पिपेट काढली आणि अगदी सहज म्हणाले, “ही तुमची, गायकवाड.” स्वतःच्या पिपेटच्या गळ्याशी त्यांनी नाडाछडी बांधली होती, पूजेतला तो तांबडा-पिवळा दोरा. दोन पिपेटींत गल्लत नको म्हणून.

मला राग आला होता, खूप आला होता. पण नोकरी पहिल्या दिवसाची होती आणि घरी बाबांचं वय झालं होतं.

त्यांच्या पिपेटची एक गंमतही होती. त्यांची जुनी विलायती पिपेट फुटली आणि बाजारात परदेशी काच मिळेना, म्हणून दोन्ही पिपेटी देशी, हाताने फुंकलेल्या काचेच्या होत्या. दिसायला जुळ्या. पण अभ्यंकरांच्या पिपेटचं पोट नकळत सडपातळ होतं. तिच्यात दहाऐवजी नऊच सीसी मावायचं. त्यांनी ते पाण्याचं वजन करून शोधलं आणि बदलून आणण्याऐवजी हिशेबातच नऊ धरायला लागले. “माहीत असलेली चूक ही चूक नव्हे, गायकवाड,” असं ते म्हणायचे. माझी पूर्ण दहाची होती. एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस माझी, आणि दोघांचा माल एकसारखा चोख उतरायचा.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा लालबागला सभा. आमचे मालक कांतिशेठ गुजराती. बाहेर घोषणा सुरू झाल्या की ते फाटकाचं एक दार लोटून घ्यायचे आणि आमचा पिंपवाला दत्ताराम ते पुन्हा उघडायचा. “शेठ, दार लावलास तर लोकांक वाटतला आत कायतरी आसा. उघडा ऱ्हवांदे,” असं तो समजवायचा. दत्ताराम मालवणकडचा, लालबागला राहणारा, एकही सभा न चुकवणारा. लाकडी पिंपात बर्फ फोडून टाकणं, पिंप ढवळणं आणि संध्याकाळी सगळी काच धुऊन फळीवर उभी करणं ही त्याची कामं. शेठला त्याच्याशिवाय करमायचं नाही आणि त्याला शेठशिवाय. मुंबई कोणाची यावर दोघांचं रोज वाजायचं आणि चहा रोज एकाच किटलीतला यायचा.

त्या वर्षी गणपती झाले आणि आमचा माल बिघडायला लागला.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे परळची एक औषध कंपनी, आणि त्यांच्या वतीने माल पसंत करायला यायचे ते दस्तूरसाहेब. असा खरेदीदार मी पुढे कधी पाहिला नाही. त्यांचा यंत्रावर विश्वास नव्हता. आमच्या तेलाचा एक थेंब ते रुमालावर घ्यायचे, रुमाल खिशात ठेवायचे, जेवून यायचे, आणि मग रुमाल हुंगून निकाल द्यायचे. “भुकेला नाकाला सगला चांगला लागते,” असं त्यांचं म्हणणं. गणपतीनंतरचा पहिला लॉट त्यांनी हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

“अरे दीकरा, हा माल नाय. हा तर हॉस्पिटल हाय!”

दुसरा लॉटही परत आला. तेव्हा कांतिशेठने आम्हा दोघांना समोर उभं केलं. ते चिडले नव्हते, थकले होते, आणि त्यामुळे जास्त भीती वाटली.

“हे बघा भाई, दस्तूरसाहेब एक लॉट अजून बघणार. तो पास नाय झाला तर सँडमायर बंद. मी परत बाहेरचा माल आणून बाटल्या भरून विकेन. त्याला मला एक केमिस्ट पुरे.”

एक म्हणजे कोण हे त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. अभ्यंकर जुने, मी नवा. गेलो असतो तो मीच. बाबांची गिरणीतली नोकरी त्या वर्षअखेर संपत होती. माझ्या पगाराकडे डोळे लावून घरात सहा माणसं बसली होती, आणि आमच्या माणसाला केमिस्ट म्हणून उभं करणारा दुसरा कारखाना मला सहजी मिळाला नसता.

मग दोष कोणाचा याचा शोध सुरू झाला. शेठच्या मते हरताळांचा, कारण कामाला सलगपणा राहत नव्हता. अभ्यंकरांच्या मते बर्फाचा. हरताळाच्या दिवशी बर्फाचा कारखाना बंद असायचा, तेव्हा दत्ताराम शीव कोळीवाड्यातून बर्फ आणायचा. त्या दिवशी मासळीबाजारही बंद, मग कोळणींकडे बर्फ उरायचा. त्याला मीठ लागलेलं असायचं, कधी एखादा खवलाही. अभ्यंकर तो चिमटीने उचलून मला दाखवायचे. मी म्हणायचो, मिठाने काय बिघडतंय? मिठातही क्लोरिनच आहे, आपल्याच भाडेकरूचा भाऊ. पण मग कशाने बिघडतंय, ते मलाही सांगता येत नव्हतं.

उत्तराची वाट दाखवली दत्तारामने, तीही कुरकुर करता करता. पिंपाचा तळ खरवडत तो म्हणाला, “सायबानू, एक सांगू? अभ्यंकरसायबांच्या दिसाक गाळात हळद, तुमच्या दिसाक डांबर. माका आता पिंप धुतानाच कळता कोणाची पाळी होती ता.”

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. हळद म्हणजे नायट्राइट कमी. डांबर आणि दवाखान्याचा वास म्हणजे नायट्राइट जास्त. एकाच कारखान्यात एक दिवस कमी, एक दिवस जास्त, आणि तेही माणसागणिक! बर्फाला कोणाची पाळी आहे ते कळत नाही. तांब्याला कळत नाही. मिठाला कळत नाही. पिंप आमचं एक, ॲसिडचे बुधले एक, तराजू एक, नायट्राइटचा डबा एक. त्या अख्ख्या शेडमध्ये आम्हा दोघांत वेगळी अशी एकच वस्तू होती.

मी फळीकडे पाहिलं. दोन पिपेटी शेजारीशेजारी उभ्या होत्या. एकीच्या गळ्याशी नाडाछडी होती. ती नवी दिसत होती. रंग अगदी ताजा होता.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. ट्राम-बस बंद. कारखान्यात येईल तो चालत येणार. मी परळहून आलो त्यात काही विशेष नाही, पण अभ्यंकर गिरगावातून चालत आले होते. शेवटचा लॉट त्याच दिवशी लावायचा होता आणि पाळी त्यांची होती. त्यांची वहाण तुटली होती आणि हातात धरून आणली होती. तो माणूस त्या लॉटसाठी पायपीट करत आला, हे मी विसरलेलो नाही. कोळीवाड्याचा बर्फ हातगाडीवरून आधीच येऊन पडला होता. बाहेर रस्त्यावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’चा गजर चालला होता आणि दत्तारामचा एक कान तिकडे होता.

कांतिशेठ म्हणाले, “आज दोघांनी माप घ्या. दोघांचा आकडा जुळला तरच बॅच लावायची.”

मी म्हटलं, “त्याआधी मला जरा पाणी मोजायचंय.”

नाडाछडीवाली पिपेट उचलली. अभ्यंकरांच्या भुवया वर गेल्या, कारण ती मी कधी उचलत नसे. तिला मी तोंड लावलं नाही. खालचं टोक बोटाने दाबून नळाखाली धरली, वरूनच खुणेपर्यंत भरली आणि मोजपात्रात रिकामी केली. पूर्ण दहा. पात्र झटकलं, कोरडं केलं, आणि माझी पिपेट तशीच भरून रिकामी केली. नऊ.

अभ्यंकरांना कळायला मुळीच वेळ लागला नाही. हुशार माणूस. “उलट झालंय,” ते म्हणाले. मग मान वळवून, “दत्ताराम, या दोऱ्याला कोणी हात लावला होता?”

“मीच,” दत्ताराम म्हणाला. त्याला वाटलं शाबासकी मिळणार. “तो जुनो दोरो ॲसिडच्या वाफेन कुजान गळान पडललो, फळयेर. पूजेचो दोरो तो, असो पडलेलो बरो दिसना नाय. घराक गणपतीतली नाडाछडी होती, ती आणून बांधलंय.”

“कुठल्या पिपेटला?”

“डावीकडची तुमची ना?”

“उजवीकडची,” अभ्यंकर म्हणाले. “आणि हे कधी केलंस?”

“गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिसाक.”

बाहेर घोषणा चालूच होत्या. मालाचं गणित तर सुटलं होतं. ते दहा सीसी घेऊन नऊ धरत होते, म्हणून द्रावण आहे त्याहून कडक वाटायचं आणि पिंपात नायट्राइट कमी पडायचं. मी नऊ घेऊन दहा धरत होतो, म्हणून ते फिकं वाटायचं आणि जास्त पडायचं. पण दुसरंही एक गणित होतं आणि ते आम्ही दोघेही मनात करत होतो. गणपतीपासून दसरा उलटेपर्यंत, एक दिवसाआड, अभ्यंकर माझी पिपेट ओठांत धरत होते, आणि मी त्यांची.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी बर्फाच्या ढिगाकडे पाहत राहिलो. दोऱ्याच्या गाठीने जे वेगळं ठेवलं होतं ते ॲसिडने कुणाला न विचारता एक केलं होतं.

अभ्यंकर मोरीकडे गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. माझा आनंद जागच्या जागी विझला. मनात म्हटलं, गेले चूळ भरायला. त्यांनी त्या वेळी चूळ भरली असती तर मी खाकी कोट उतरवून खुंटीला टांगला असता आणि घरी गेलो असतो. लॉट, पगार, बाबांची अखेरची पाळी, सगळं तिथेच सोडून. मी कान देऊन ऐकत होतो. नळ बंद झाला. चूळ भरल्याचा आवाज काही आला नाही. ते हात पुसत बाहेर आले.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि नाडाछडी कापली. पूजेची वस्तू, मोरीत टाकायची नाही, म्हणून घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. मग नऊची पिपेट उचलून टेबलाच्या कडेला सारली.

“ही आता नको. एका कारखान्यात दोन मापं कशाला?”

राहिली एकच पिपेट, आणि शेठची अट दोघांनी माप घेण्याची.

मी तिच्याकडे पाहत होतो, अभ्यंकर माझ्याकडे. आधी त्यांनी घेतलं असतं आणि मग मी, तर ते जुन्या रीतीला धरूनच झालं असतं. त्यात कोणाचं काही बिघडलं नसतं. अभ्यंकर म्हणाले, “गायकवाड, तुम्ही घ्या आधी.”

मी नायट्राइटच्या द्रावणानेच पिपेट विसळली, तोंड लावून माप घेतलं, तपासणी पूर्ण केली आणि आकडा मनात ठेवला. मग, कसं कोण जाणे, सवयीने की भीतीने, पिपेट त्यांच्या हातात देण्याआधी नळाखाली धरायला वळलो.

“धुवू नका!” ते जवळजवळ ओरडले. “पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं मी तुम्हाला? पाणी शिरलं तर माप चुकेल.”

त्यांनी ती ओली पिपेट माझ्या हातातून घेतली आणि तोंडाला लावली.

दोघांचा आकडा जुळला. दत्तारामने बर्फ फोडायला घेतला. दुपारभर मी आणि अभ्यंकर पिंपाच्या दोन बाजूंना उभे राहून थेंबाथेंबाने नायट्राइट सोडत होतो. संध्याकाळपर्यंत डायझो तांब्याच्या द्रावणात ओतून झालं होतं. ना हळद, ना डांबर. वाफेबरोबर तेल उतरलं ते पाण्यासारखं स्वच्छ. पुढे दस्तूरसाहेबांनी थेंब रुमालावर घेतला, जेवून आले, हुंगला आणि रुमाल पुन्हा नाकाशी नेला. “हां,” ते म्हणाले. “आता बदबू बरोबर हाय.” आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. सँडमायर चालू राहिला. मी त्या कारखान्यात चीफ केमिस्ट होऊन निवृत्त झालो आणि किती केमिस्ट माझ्या हाताखालून गेले त्याची गणती नाही. एका शेडमध्ये एकच पिपेट, हा नियम मी रबरी फुगे येईपर्यंत कोणालाही मोडू दिला नाही.

अभ्यंकर आणि मी त्या दिवसाबद्दल परत कधीही बोललो नाही. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही एकमेकांच्या घरी जेवायलाही गेलो नाही. त्यांनी बोलावलं नाही हे खरं, पण मीही बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आले असते, असं आता वाटतं. ती हळहळ आहे.

पण त्या हरताळाच्या संध्याकाळी मी चालत घरी निघालो तेव्हा नऊची पिपेट वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घेतली होती. बाबा पाळी नसल्याने घरीच होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगून संपल्यावर म्हणाले, “बघू ती नळी.”

मी कागद सोडला आणि एका पेल्यात पाणी आणून दिलं. त्यांनी टोक पेल्यात बुडवलं, वरच्या टोकाला ओठ लावले आणि ओढलं. मी न सांगताच त्यांनी वर बोट ठेवलं. पिपेट उचलून त्यांनी दिव्यापुढे धरली. काचेच्या पोटात पाणी जागच्या जागी उभं राहिलं, एक थेंब खाली पडेना. चाळीस वर्षं त्यांना साचाखात्याच्या दारात उभं केलं नव्हतं, ते याच्याचसाठी. ते बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले.

“एवढंच?” बाबा म्हणाले. “एवढंच होतं?”

मग त्यांनी बोट उचललं आणि पाणी पेल्यात उतरू दिलं.